क्रूझ नेपल्सला थांबते तेव्हा: आपलं आपण पॉम्पेई बघून वेळेत जहाजावर परतायचं कसं

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचं बुकिंग झालं की काही दिवसांत कंपनीचे मेल सुरू होतात. नेपल्सला पॉम्पेईची सहल, चिविताव्हेक्कियाला रोमची, लिव्होर्नोला पिसा-फ्लॉरेन्सची. प्रत्येक सहलीचा दर माणशी असतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाचा एका दिवसाचा आकडा बघूनच अनेकजण विचारतात, हे आपलं आपण करता येत नाही का?

नेपल्सपुरतं सांगायचं तर येतं, आणि छान येतं. स्वतःच्या हिमतीवर बंदरातून फिरायला भूमध्य समुद्रात याच्याइतकी सोयीची जागा शोधूनच सापडेल. जहाज थेट शहराच्या मध्यात लागतं. धक्क्यासमोर मेट्रो आहे, मेट्रोतून उतरलं की त्याच स्टेशनात पॉम्पेईची लोकल मिळते आणि लोकलमधून उतरलं की रस्त्यापलीकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहराचं दार आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवूनच हे करायचं. कंपनीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर बहुतेक कंपन्या त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोचवण्याची जबाबदारी घेतात. तुमच्यासाठी जहाज थांबणार नाही. बंदरातला प्रत्येक जादा तास कंपनीला पैशात मोजावा लागतो, शिवाय पुढच्या बंदरातली जागा ठरलेल्या वेळेची असते. म्हणून या दिवसाचं नियोजन सकाळपासून करायचंच नाही. ते संध्याकाळपासून मागे मागे करत यायचं.

आधी परतीची वेळ ठरवा

समजा, कार्यक्रमपत्रिकेत नेपल्ससमोर ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असं लिहिलंय. वाचणाऱ्याला हे दहा तास वाटतात. हातात येतात ते साधारण पावणेआठ, आणि पॉम्पेईच्या आत प्रत्यक्ष तीन.

हिशोब असा. जहाज सहाला सुटणार म्हणजे सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ, जिला ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात, ती साधारण साडेपाचची असते. कधी त्याहूनही आधीची असते, त्यामुळे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात किंवा कंपनीच्या अॅपमध्ये ती बघूनच घ्यायची. आता साडेपाच विसरून जा. तुमची वेळ साडेचार. साडेचारला तुम्ही बंदराच्या इमारतीत पाऊल टाकलेलं असलं पाहिजे. हा एक तास राखीव आहे, आणि तो सुरक्षा तपासणीची रांग, चुकलेलं वळण किंवा दुखावलेला पाय यांच्यासाठी ठेवलेला आहे. खरेदीसाठी तो मोडायचा नाही.

साडेचारला धक्क्यावर यायचं तर साडेतीनपर्यंत नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनवर असायला हवं. तिथून मेट्रोने किंवा अगदी पायीही एका तासात आरामात पोचता येतं. साडेतीनला गारिबाल्दी गाठायचं तर पॉम्पेईहून पावणेतीनच्या आत गाडीत बसलेलं असावं. लोकल साधारण अर्ध्या तासाने असते आणि एखादी रद्दही होते. म्हणून पॉम्पेईच्या स्टेशनवर दोनला हजर राहायचं. एक गाडी गेली, दुसरी रद्द झाली, तरी तिसरी तुम्हाला ऑल अबोर्डच्या आत जहाजावर आणते.

सकाळच्या बाजूने बघा. जहाज आठला लागलं तरी आठला उतरता येत नाही. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्यावर गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायची वाट, उघडतो, आणि आधी कंपनीच्या सहलींच्या बसगाड्या भरतात. पावणेनऊला तुमचा पाय जमिनीवर लागेल असं धरा. साडेनऊ-पावणेदहाची लोकल मिळाली की सव्वादहा-साडेदहाला पॉम्पेई. दोनला स्टेशनवर यायचं म्हणजे आत तीन-सव्वातीन तास. एवढ्या वेळात पॉम्पेई मन भरून बघता येतं. पॉम्पेई आणि कॅप्री, किंवा पॉम्पेई आणि अमाल्फीचा किनारा, असं मात्र होत नाही. एका बंदरात एकच मोठं ठिकाण, हा नियम घरातल्या सगळ्यांना जहाजावर चढण्याआधीच सांगून ठेवा. नाहीतर दुपारी एकला भर उन्हात त्यावर चर्चा सुरू होते.

तुमच्या जहाजाच्या वेळा वेगळ्या असतील तर हाच हिशोब त्या वेळांवर बसवा. आत दोन तासांपेक्षा कमी मिळत असतील तर पॉम्पेई सोडून द्या आणि एर्कोलानोला जा. त्याच लोकलवर, वीस मिनिटांच्या अंतरावर ते आहे. पॉम्पेईबरोबरच ज्वालामुखीने गाडलेलं हे छोटं गाव. इथे घरांचे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेली लाकडी दारं-खाटाही टिकून आहेत. दीड-दोन तासांत ते नीट बघून होतं. स्टेशनवरून सरळ उतारावर दहा मिनिटं चालायचं, की उत्खनन समोर दिसतं.

घरून निघण्यापूर्वी

व्हिसा. इटली शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्याला शेंगेन व्हिसा लागतो हे उघड आहे. बघायचं ते एन्ट्रीचं. क्रूझ मधे तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाऊन परत इटली-ग्रीसला येत असेल तर एकाच एन्ट्रीचा व्हिसा चालत नाही, मल्टिपल एन्ट्रीच हवा. अर्ज करताना क्रूझचा बंदरनिहाय कार्यक्रम जोडून हे स्पष्ट मागा.

पॉम्पेईचं तिकीट. १५ नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. तेव्हा तिथे जाऊन बघू म्हणू नका, अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. एप्रिल ते ऑक्टोबर या गर्दीच्या काळात प्रवेशाच्या वेळांचे टप्पे असतात. टप्पा निवडताना जहाज अर्धा-पाऊण तास उशिरा लागेल हे धरूनच निवडा. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावं लागतं आणि वयाचा पुरावा जवळ लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत प्रवेश असतो. ऐकायला बरं वाटतं, पण अर्धं नेपल्स त्या दिवशी तिथे असतं. तुमचं जहाज नेमकं त्या रविवारी लागत असेल तर एर्कोलानो किंवा शहरातच राहणं जास्त सुखाचं.

कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे मार्च २०२० नंतर दिलेल्या भारतीय कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस सोय आपण सुरू केल्याशिवाय चालत नाही. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन दोन्ही सुरू करा, मर्यादा ठरवा, आणि विमानतळावर एकदा चहा घेऊन कार्ड चालतंय याची खात्री करा. शिवाय माणशी पन्नासेक युरो रोख जवळ असू द्या, सुट्ट्या नोटांत.

संप. इटलीत रेल्वे आणि मेट्रोचे संप वरचेवर होतात. कायद्याने त्यांची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, आणि इटलीच्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांचं वेळापत्रक लागतं. ‘शोपेरो’ हा तिकडचा शब्द. तुमच्या बंदराच्या तारखा त्या यादीत आहेत का, हे घरून निघण्याच्या आठवड्यात बघा. असतील, तर त्या एका बंदरापुरती कंपनीची सहल घेणं शहाणपणाचं. गाड्या बंद असलेल्या दिवशी टॅक्सीसाठी भांडत बसण्यापेक्षा ते पैसे सार्थकी लागतात.

फोन. जहाज समुद्रात असताना फोन जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. बंदर सोडताना सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, हा घरातला नियम करून टाका. युरोपभर चालणारं ई-सिम घ्या आणि नेपल्सचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

आदल्या संध्याकाळी जहाजावर

दैनिक पत्रक हातात घ्या आणि त्याचा फोटो काढा. त्यात ऑल अबोर्डची वेळ असते, जहाज कुठल्या धक्क्याला लागणार ते असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोर्ट एजंटचं नाव आणि फोन नंबर असतो. पोर्ट एजंट म्हणजे त्या बंदरातला क्रूझ कंपनीचा प्रतिनिधी. उशीर होतोय असं दिसलं तर फोन करायचा तो याला. नंबर फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही लिहा, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते.

घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. इटली आणि माल्टाची वेळ एकच आहे, पण ग्रीस एक तास पुढे आहे. ग्रीसहून इटलीला येताना जहाज घड्याळ बदलतं, कधी बदलतही नाही. फोन मात्र जमिनीवरचं नेटवर्क मिळताच स्वतःहून वेळ बदलतो. म्हणून मनगटावर एक साधं घड्याळ असावं, आणि दिवसभर त्याच्याकडेच बघून चालायचं.

पासपोर्टचं आधी विचारून घ्या. काही जहाजं पासपोर्ट शेवटच्या दिवसापर्यंत ठेवून घेतात. तसं असेल तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत आणि दुसरं एखादं फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर घ्या. पासपोर्ट तुमच्याकडेच असेल तर माझं मत, तो खोलीच्या तिजोरीत ठेवून प्रत न्यावी. नेपल्सच्या लोकलमध्ये खिसेकापू आहेत, आणि परक्या देशात पासपोर्ट हरवणं ही वेगळीच दगदग आहे. जहाजाचं कार्ड मात्र प्रत्येकाच्या गळ्यात किंवा आतल्या खिशात हवंच. त्याशिवाय परत जहाजावर घेत नाहीत.

पिशवी लहान घ्या. पॉम्पेईत ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. मोठी असली तर प्रवेशाशी ठेवायची सोय आहे, पण ठेवण्यात आणि परत घेण्यात वेळ जातो, शिवाय मग त्याच दारातून बाहेर पडावं लागतं. पाण्याची रिकामी बाटली, टोपी, गॉगल, तळवा जाड असलेले बूट आणि बंद पाकिटातला चिवडा किंवा खाकरा पुरे. जहाजावरच्या बुफेतली फळं आणि सँडविच खाली नेऊ नका. बऱ्याच बंदरांवर त्याला मनाई असते.

धक्क्यापासून पॉम्पेईच्या दारापर्यंत

जहाज स्तात्सिओने मारितिमा या इमारतीशी लागतं. बाहेर पडलात की सहलींचे दलाल आणि टॅक्सीवाले अंगावर येतात. हसून मान हलवायची आणि चालत राहायचं. समोर काळपट बुरुजांचा कास्तेल नुओव्हो किल्ला दिसतो. रस्ता ओलांडून त्याच्या दिशेने गेलात की पियात्सा मुनिचिपिओ हा चौक आणि तिथलं मुनिचिपिओ मेट्रो स्टेशन. चालायला पाच-दहा मिनिटं.

लाइन १ वर गारिबाल्दीच्या दिशेची गाडी पकडा. उनिव्हेर्सिता, दुओमो आणि मग गारिबाल्दी. गारिबाल्दीला उतरल्यावर ‘चिर्कुमवेसुव्हियाना’ अशी पाटी बघत चला. व्हेसुव्हियस डोंगराभोवती फिरणारी ही लोकल आहे आणि तिचे फलाट मुख्य रेल्वे स्टेशनच्या खाली आहेत. खिडकीवर जायचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं एकदमच काढा. परतताना पॉम्पेईच्या छोट्या स्टेशनवर तिकिटाची रांग लांब असते.

गाडी सोरेंतोची हवी. सूचनाफलकावर सोरेंतो दिसलं की त्यात बसा आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर उतरा. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. पोज्जोमारिनोकडे जाणारी गाडीही पॉम्पेई नावाच्या एका स्टेशनला थांबते, पण ते नव्या गावातलं, चर्चजवळचं स्टेशन आहे, आणि तिथून मुख्य प्रवेशद्वार बरंच लांब पडतं. घाईत हीच गफलत सगळ्यात जास्त होते. शंका आली तर फलाटावरच्या कुणालाही नुसतं ‘पॉम्पेई स्काव्ही?’ विचारा. लोक हात धरून गाडी दाखवतात.

गाडी जुनी, गजबजलेली, उन्हाळ्यात चांगलीच तापलेली असते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला तिचं काही विशेष वाटायचं नाही. पिशवी पोटाशी, फोन आतल्या खिशात आणि दाराजवळ घोळका करून उभं राहायचं नाही, एवढं पाळा. बसायला जागा हवीच असेल तर गाडी जिथून सुटते त्या पोर्ता नोलाना स्टेशनवर जा. गारिबाल्दी हे त्याच्या पुढचं स्टेशन आहे. धक्क्यापासून पोर्ता नोलाना पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. उन्हाळी मोसमात कांपानिया एक्सप्रेस नावाची कमी थांब्यांची, राखीव जागांची गाडीही चालते. तिचं तिकीट महाग, पण वयस्कर मंडळी बरोबर असतील तर जरूर घ्या.

टॅक्सी करायचीच असेल तर अधिकृत पांढरी टॅक्सी करा. नेपल्समध्ये ठरावीक मार्गांचे ठरावीक दर आहेत. बसण्याआधीच ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ असं म्हणून तो दर मागायचा, नंतर मागून उपयोग नाही. चौघं किंवा त्याहून जास्त असाल तर पॉम्पेईपर्यंत जाऊन, थांबून परत आणणारी टॅक्सी माणशी हिशोबाने फार जड जात नाही.

आतले तीन तास

स्टेशनच्या जवळच पोर्ता मारिना हे प्रवेशद्वार आहे. नकाशा तिथेच मिळतो, तो घ्या. पॉम्पेईचं एकूण क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश खोदलेलं. सगळं बघायचा हट्ट धरला तर काहीच धड बघून होत नाही.

चढ चढून आत गेलात की आधी बासिलिका, म्हणजे न्यायदानाचं आणि व्यवहारांचं सभागृह, आणि मग फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक. इथे थांबून उत्तरेकडे बघा. ज्युपिटरच्या देवळाच्या खांबांमागे व्हेसुव्हियस उभा आहे. इसवी सन ७९ मध्ये त्याच्याच राखेखाली हे शहर गाडलं गेलं, आणि १७४८ पासून ते खणून काढण्याचं काम चालू आहे. चौकाच्या कडेच्या जाळीआड मातीचे रांजण आणि राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे प्लास्टरचे साचे ठेवले आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, कारण साचे बघून ती गप्प होतात आणि मग प्रश्न विचारत राहतात.

फोरमवरून स्नानगृहं, मग फॉनचं घर, आणि तिथून वेत्ती बंधूंचं घर. हे दुसरं घर दीर्घ दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये उघडलं. भिंतींवरचे लाल-काळे रंग आणि आतली बाग बघायला रांग असेल तरी थांबा. तिथून वळून व्हिया देल्लाब्बोंदान्त्सा या लांब रस्त्यावर या. मला पॉम्पेईत सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावासा वाटतो. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या अजून आहेत, बोट घालून बघितलं तर खोली कळते. रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड बसवलेले आहेत. पाण्या-चिखलात पाय न घालता माणूस पलीकडे जाईल आणि दगडांच्या मधून गाडीची चाकंही जातील, असं त्यांचं माप आहे. दुतर्फा खानावळी आहेत. दगडी कट्ट्यात गोल तोंडाचे रांजण पुरलेले, त्यात खायचे-प्यायचे पदार्थ भरून विकायला ठेवत.

याच रस्त्याच्या बाजूला १९३८ मध्ये एका घरात एक हस्तिदंती मूर्ती सापडली. भारतीय घडणीची, पाव मीटर उंचीची, अंगभर दागिने ल्यालेली स्त्री आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारी सातवाहनकालीन पेठ. मराठवाड्याच्या त्या पेठांतला माल इथवर येत होता, हे या रस्त्यावर उभं राहून समजून घेण्यात मोठा आनंद आहे. मूर्ती मात्र पॉम्पेईत नाही, ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

वेळ उरला तर नाट्यगृह बघा आणि तिथून पोर्ता मारिनाकडे परत फिरा. पूर्व टोकाचं अँफिथिएटर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातलं आहे आणि बघण्यासारखं आहेच, पण तिथून स्टेशनवर परतायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. एक वाजून गेला असेल तर तिकडे जाऊ नका.

सावली फार कमी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापून निघतात. जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरत राहा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि व्हीलचेअर असणाऱ्यांनी पियात्सा अँफितेआत्रोच्या दारातून जावं. तिथून ‘सर्वांसाठी पॉम्पेई’ नावाचा सपाट केलेला मार्ग आखलेला आहे. अशांनी सरळ टॅक्सी करून त्या दारापर्यंत गेलेलं बरं.

परत नेपल्समध्ये

ठरल्याप्रमाणे दोनची गाडी मिळाली तर पावणेतीनला तुम्ही शहरात. आता साडेचारपर्यंतचा वेळ खरंच तुमचा आहे. पिझ्झा खायची जागा हीच. शाकाहारी मंडळींना मार्गेरिता चालतो, आणि मारिनारावर चीजच नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी मारिनाराच घ्यावा, कारण पार्मेझानसारखी काही चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात. गोडात स्फोल्यातेल्ला खा. पापुद्र्यांच्या शंखात रिकोट्टाचं सारण असतं.

पाऊस असेल, किंवा चालायची ताकद नसेल, तर पॉम्पेई सोडून सकाळीच मुनिचिपिओवरून मेट्रोने उलट दिशेला म्युझियो स्टेशनला जा. तीन स्थानकं. पॉम्पेईतली उत्तमोत्तम मोझेक, भित्तिचित्रं आणि आपली ती हस्तिदंती मूर्ती तिथेच आहेत. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

इतर बंदरांवर हिशोब कसा बदलतो

चिविताव्हेक्किया ते रोम रस्त्याने ऐंशी किलोमीटरच्या आसपास. धक्क्यावरून बंदराच्या बसने बाहेर यायचं, मग स्टेशन गाठायचं, मग रेल्वे. व्हॅटिकनजवळचं सान पिएत्रो स्टेशन पाऊण-एक तासात येतं, तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला जास्त वेळ लागतो. व्हॅटिकन किंवा कोलोसियम, दोन्हींपैकी एक. पहिल्यांदाच जाणार असाल आणि जहाज बारा तास थांबत नसेल तर मी इथे कंपनीचीच नुसती ने-आण करणारी बस घेईन. ती सहलीपेक्षा स्वस्त असते आणि तिच्यासाठी जहाज थांबतं. बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे सेंट पीटर्सकडे गर्दी असते आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात.

लिव्होर्नोला लोक फ्लॉरेन्सला धावतात आणि अर्धा दिवस गाडीत घालवतात. पिसा रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि तिथून लुक्का जवळ. लहान मुक्कामाला ही जोडी उत्तम.

जिथे जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतं, तिथे फार जपून. सान्तोरिनीला हेच होतं. वरच्या फिरा गावातून खाली यायला केबल कारची रांग, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. चार-पाच जहाजं एकदम असली तर दुपारी ती रांग हलत नाही. अशा ठिकाणी राखीव वेळ एक तासाऐवजी दोन तास ठेवा, नाहीतर पायऱ्यांनी उतरायची तयारी ठेवा.

हाच हिशोब मुंबई-गोवा क्रूझवरही लागू पडतो. मुरगाव बंदरावरून जुनं गोवं आणि पणजी, किंवा मंगेशी आणि शांतादुर्गा, यांपैकी एकच धरा आणि टॅक्सी परतीसकट ठरवा.

उशीर झालाच तर

परतताना गाडी मधेच थांबली, पाऊण तास हलली नाही, तर पहिला फोन पोर्ट एजंटला. जहाजाचं नाव, केबिन क्रमांक, किती जण, कुठे आहात आणि किती वेळ लागेल, एवढं सांगा. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असेल तर कधीकधी कॅप्टन थांबतो, पण त्याला तुम्ही येताय हे कळायला हवं. त्याच वेळी गाडीतून उतरून टॅक्सी मिळते का बघा. इथे पैशांचा विचार करू नका.

जहाज सुटलंच तर धक्क्यावर एजंटला गाठा. प्रवासी परतले नाहीत की जहाजावरचे कर्मचारी केबिनच्या तिजोरीतून किंवा आपल्याकडच्या ठेवीतून पासपोर्ट काढून बऱ्याचदा एजंटकडे देऊन जातात. पुढचं बंदर इटलीत किंवा शेंगेनमधल्याच दुसऱ्या देशात असेल तर रेल्वेने किंवा विमानाने तिथे जाऊन जहाज पकडता येतं, खर्च आपला. पुढचं बंदर तुर्कस्तानात असेल तर विमानाने जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. म्हणून अशा वेळी त्याच्या पुढचं शेंगेनमधलं बंदर कुठलं आणि कधी, हे एजंटला विचारा आणि तिथेच जहाज गाठा. कुठल्याही बंदरात परस्पर चढता येईल असं धरू नका, क्रूझ कंपनीची परवानगी घेऊनच तिकीट काढा. नियमित औषधं एका दिवसाची जादा, त्या छोट्या पिशवीत, रोजच बरोबर असू द्यावीत ती यासाठीच.

प्रवास विम्याला लगेच कळवा. रेल्वे खरोखर खोळंबली असेल तर स्टेशनवरून किंवा रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावरून उशिराचा दाखला मिळवा, तिकिटं आणि टॅक्सीची पावती सांभाळून ठेवा, आणि पॉलिसीत ‘जहाज चुकणे’ हे कलम आहे का ते बघा. सगळ्या पॉलिसींत ते नसतं. मुंबईत विमा घेतानाच ते विचारून, लेखी उत्तर मेलवर मागवून ठेवा.